पडद्यावरून पुस्तकात, पुस्तकातून वहीत

लोकप्रिय चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका किंवा व्हिडिओ गेम यांतील पात्रे आणि जग घेऊन, हक्कधारकाच्या परवानगीने लिहून घेतलेल्या कादंबरीला टाय-इन कादंबरी म्हणतात. तीच पात्रे घेऊन एखाद्या चाहत्याने परवानगीशिवाय आणि मोबदल्याशिवाय, हौसेने लिहिलेली कथा म्हणजे फॅन फिक्शन. दोन वेगळ्या कलाकृतींतली पात्रे जिच्यात एकमेकांना भेटतात, ती कथा क्रॉसओव्हर. टाय-इन वाचणे आणि क्रॉसओव्हर लिहिणे हे दोन छंद पुष्कळदा एकाच माणसाला असतात. आवडलेली गोष्ट संपली तरी तिच्यातले जग चालू राहावे, ही इच्छा दोन्हींच्या मुळाशी आहे. साहित्याच्या चर्चेत या लेखनाला बहुधा खालच्या पंगतीत बसवले जाते. त्याचा इतिहास आणि त्यामागची कारागिरी पाहिली, तर बारकाईने वाचायला आणि शिस्तीने लिहायला शिकवणारे छंद म्हणून त्यांची दखल घ्यावी लागते.

पडदा आणि पुस्तक

टाय-इन कादंबऱ्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पडद्यावरची कथाच गद्यात सांगितलेली असते. दुसऱ्यात पात्रे आणि जग तेच, पण कथा नवी असते. पहिला प्रकार मूकपटांच्या काळापासून चालत आला आहे. ‘किंग काँग’ हा चित्रपट मार्च १९३३ मध्ये प्रदर्शित झाला, पण डेलॉस लव्हलेस यांनी लिहिलेली त्याची कादंबरी डिसेंबर १९३२ मध्येच बाजारात आली होती. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीतही असेच घडले. चित्रपट मे १९७७ चा. पुस्तक १९७६ च्या अखेरीस निघाले. मुखपृष्ठावर जॉर्ज ल्यूकस यांचे नाव होते, लेखन मात्र ॲलन डीन फॉस्टर यांचे होते.

चित्रपटाच्या आधी किंवा त्याच्याबरोबर पुस्तक तयार हवे, म्हणून लेखकाच्या हाती बहुधा चित्रीकरणापूर्वीची पटकथा दिली जाते. चित्रीकरणात संवाद बदलतात, संकलनात प्रसंग गळतात. पुस्तकात मात्र ते तसेच राहतात. जेम्स ब्लिश यांनी १९६७ पासून ‘स्टार ट्रेक’च्या भागांवरून कथा लिहिल्या. त्यासाठी त्यांनी पटकथांचे आधीचे खर्डे वापरल्यामुळे त्यांतले कित्येक तपशील प्रसारित भागांशी जुळत नाहीत. या पुस्तकांचा चोखंदळ वाचक नेमके असे फरक टिपतो, कारण कथा कशी बदलत गेली ते त्यातून कळते.

घरोघरी व्हिडिओ येण्यापूर्वी अशा पुस्तकांचे महत्त्व फार मोठे होते. मालिकेचा भाग एकदा प्रसारित झाला की तो पुन्हा पाहायला मिळेल याची खात्री नसे. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या वर्षांतील अनेक भागांच्या टेप बीबीसीने पुढे पुसून टाकल्या आणि नव्वदहून अधिक भाग हरवले. १९७३ पासून ‘टार्गेट’ या प्रकाशनाने मालिकेतील कथा छोट्या, स्वस्त पुस्तकांच्या रूपात आणल्या. त्यांतली साठहून अधिक पुस्तके एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. ब्रिटनमधल्या एका पिढीने ‘डॉक्टर हू’चे जुने भाग पाहिले नाहीत, वाचले. पुष्कळ मुलांना वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली.

मालकाच्या चौकटीत

टाय-इन लेखकाचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. पात्रे, जग, एवढेच काय, लेखकाने स्वतः नव्याने घातलेली पात्रेसुद्धा बहुधा हक्कधारकाच्या मालकीची होतात. आधी कथेचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, मग हस्तलिखित तपासले जाते. मुदत बहुतेक वेळा काही आठवड्यांची किंवा महिन्यांची असते. सर्वांत मोठे बंधन म्हणजे मालिका चालू असताना पुस्तकात कोणताही कायमचा बदल करता येत नाही. नायक मरू शकत नाही, त्याचे लग्न होऊ शकत नाही, शेवटच्या पानावर सगळे पहिल्या पानावर होते तिथे आणून ठेवावे लागते.

चांगले लेखक या बंधनातून वाट काढतात. काही जण पात्रांच्या भूतकाळात जातात, काही जण दुय्यम पात्राला पुढे आणतात. पडदा जे दाखवू शकत नाही ते, म्हणजे माणसाच्या मनात चाललेले, लिहिणे हा तिसरा मार्ग. चौथा मार्ग पीटर डेव्हिड यांनी १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : न्यू फ्रंटियर’ या कादंबरीमालिकेत वापरला. त्यांनी जग ‘स्टार ट्रेक’चेच ठेवले, पण जहाज आणि कप्तान नवे घेतले. त्यामुळे त्या कप्तानाचे काय करायचे हे ठरवायला लेखक बराच मोकळा झाला.

कधी कधी पुस्तकातला तपशील उलट पडद्यावर जातो. ‘स्टार ट्रेक’मधल्या सुलू या पात्राला मूळ मालिकेत पहिले नावच नव्हते. व्होंडा मॅकिंटायर यांनी १९८१ च्या ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीत त्याला ‘हिकारू’ हे नाव दिले आणि दहा वर्षांनी, १९९१ च्या चित्रपटात, ते पडद्यावर उच्चारले गेले. ‘स्टार वॉर्स’मधल्या राजधानीच्या ग्रहाला ‘कोरुसांट’ हे नाव टिमोथी झान यांच्या १९९१ च्या ‘एअर टू दि एम्पायर’ या कादंबरीने दिले; नंतरच्या चित्रपटांनी ते उचलले.

खरे काय आणि खोटे काय

एखाद्या कथाविश्वात अधिकृतपणे ‘घडलेले’ जे मानले जाते, त्याला चाहते ‘कॅनन’ म्हणतात. साधारण नियम असा की पडद्यावरचे ते कॅनन आणि पुस्तकातले, पडद्याने खोडून काढेपर्यंत, चालवून घ्यायचे. हा नियम वाचकांच्या जिव्हारी लागू शकतो. डिस्नेने २०१२ मध्ये ‘स्टार वॉर्स’चे हक्क असलेली लुकासफिल्म कंपनी विकत घेतली. नव्या चित्रपटांना वाट मोकळी हवी म्हणून एप्रिल २०१४ मध्ये तोवरच्या साऱ्या कादंबऱ्या ‘लेजेंड्स’ या शिक्क्याखाली टाकल्या गेल्या. दोन दशकांहून अधिक काळ वाचकांनी ज्या घटना खऱ्या मानल्या, त्या एका घोषणेने दंतकथा ठरल्या. तरीही झान यांचा खलनायक थ्रॉन इतका लोकप्रिय होता की २०१६ मध्ये ॲनिमेशन मालिकेत आणि २०२३ मध्ये ‘अहसोका’ या मालिकेत त्याला परत आणावे लागले.

‘स्टार ट्रेक’च्या कादंबऱ्यांपुढे हाच प्रश्न आला तेव्हा लेखकांनी वेगळी वाट धरली. २००० नंतर या कादंबऱ्यांनी, मालिका बंद पडल्यावर पुढे काय झाले, याची एकमेकींत गुंतलेली दीर्घ कथा उभी केली होती. २०२० मध्ये आलेल्या ‘पिकार्ड’ या मालिकेने तिच्याशी न जुळणारा भविष्यकाळ दाखवला. तेव्हा २०२१ मध्ये ‘कोडा’ नावाच्या तीन कादंबऱ्या काढून त्या कथेचा रीतसर शेवट केला गेला. वाचकांना अर्ध्यावर सोडले नाही, ही त्यातली मोलाची गोष्ट.

चाहत्याच्या हाती लेखणी

कॅननच्या अशा चढउतारांमधून गेलेल्या वाचकाला एक गोष्ट लवकर उमगते : अधिकृत कथा हीसुद्धा अनेक शक्य कथांपैकी एक असते. इथून स्वतः लिहिण्यापर्यंतचे अंतर फार नाही. ‘स्टार ट्रेक’ अजून चालू असतानाच, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ हे फॅनझिन काढले. फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी घरच्या घरी सायक्लोस्टाइल करून टपालाने वाटलेला अंक. त्यात कथा, कविता, चित्रे, मालिकेतील विज्ञानाची चर्चा असे सगळे असे. या अंकांच्या संपादिका आणि लेखिका बहुसंख्येने स्त्रिया होत्या. विज्ञानकथेच्या व्यावसायिक नियतकालिकांत पुरुषांचा वरचष्मा असण्याच्या त्या काळात या अंकांनी त्यांना हक्काची जागा दिली.

या चळवळीला स्वतःची समीक्षाही लाभली. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एका फॅनझिनमध्ये ‘मेरी स्यू’ या पात्राची छोटी विडंबनकथा लिहिली. सर्वांत तरुण, सर्वांत हुशार, सगळ्यांची लाडकी अशी ही नायिका नवख्या लेखकांच्या दिवास्वप्नांवरची टिप्पणी होती. लेखकाने स्वतःलाच नायक करून कथेत घुसवले की त्या पात्राला आजही ‘मेरी स्यू’ म्हणतात. १९७६ मध्ये बँटम या प्रकाशनाने ‘स्टार ट्रेक : द न्यू व्हॉयेजेस’ या नावाने चाहत्यांच्या कथांचाच संग्रह काढला आणि फॅन फिक्शन थेट अधिकृत पुस्तकात गेली.

ब्रिटनमध्ये हा प्रवास आणखी पुढे गेला. १९८९ मध्ये ‘डॉक्टर हू’ बंद पडली. १९९१ पासून व्हर्जिन प्रकाशनाने ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ ही नव्या कादंबऱ्यांची माला सुरू केली आणि नवोदितांची हस्तलिखिते स्वीकारली. फॅनझिनमधून लिहिणारे पॉल कॉर्नेल तिथे कादंबरीकार झाले. त्यांच्या १९९५ च्या ‘ह्यूमन नेचर’ या कादंबरीवरून २००७ मध्ये मालिकेचे दोन भाग तयार झाले. २००५ मध्ये मालिका पुन्हा उभी करणारे रसेल टी. डेव्हिस यांनीही या मालेत १९९६ साली एक कादंबरी लिहिली होती. मालिका पडद्यावरून गेलेल्या वर्षांत तिचा दिवा तेवत ठेवला तो वाचकांनी आणि हौशी लेखकांनी.

इंटरनेट आल्यावर टपालाची गरज उरली नाही. १९९८ मध्ये ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ सुरू झाले. २००७ मध्ये चाहत्यांनी स्थापलेल्या एका विनानफा संस्थेने २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संग्रहस्थळ खुले केले. तिथे जाहिराती नाहीत, कारभार स्वयंसेवक पाहतात आणि साहित्यकृतींची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार २०१९ मध्ये या संग्रहाला मिळाला.

दोन मालकांची अडचण

क्रॉसओव्हरची हौस इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँ यांनी १९०६ मध्ये आपल्या आर्सेन लुपिन या सभ्य चोराची गाठ थेट शेरलॉक होम्सशी घालून दिली. आर्थर कॉनन डॉयल यांनी हरकत घेतली, तेव्हा लब्लाँ यांनी नावातली अक्षरे फिरवून ‘हर्लॉक शोल्म्स’ केले आणि कथा चालू ठेवल्या.

या प्रकारातली मुख्य अडचण त्या प्रसंगातच दिसते. अधिकृत क्रॉसओव्हरला दोन मालकांची संमती लागते. पैसा कसा वाटायचा, कोणाचे नाव आधी छापायचे, भांडणात कोणाचा नायक जिंकणार, हे सगळे आधी ठरवावे लागते. सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांना एका कॉमिकमध्ये आणायला डीसी आणि मार्व्हल या प्रतिस्पर्धी कंपन्यांना १९७६ उजाडले. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘एक्स-मेन’ यांची भेट घडवणारी ‘प्लॅनेट एक्स’ ही कादंबरी १९९८ मध्ये आली. अशी उदाहरणे आहेत, पण थोडीच. चाहत्याला मात्र कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही, म्हणून क्रॉसओव्हरचे खरे माहेर फॅन फिक्शन हेच आहे.

अधिकृत क्रॉसओव्हरचा उत्तम नमुना पाहायचा तर अँडी लेन यांची १९९४ ची ‘ऑल-कन्झ्युमिंग फायर’ ही कादंबरी घ्यावी. ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ मालेतल्या या कादंबरीत कालप्रवासी डॉक्टर आणि शेरलॉक होम्स एकत्र येतात. कथा १८८७ च्या लंडनमध्ये, चोरीला गेलेल्या दुर्मिळ ग्रंथांच्या शोधापासून सुरू होते आणि मुंबईमार्गे दुसऱ्या ग्रहापर्यंत जाते. तिला होम्सच्या बाजूने परवानगीची अडचण नव्हती. डॉयल १९३० मध्ये वारले आणि तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यात स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ५० वर्षांनी संपत असे.

जोडकामाची कारागिरी

क्रॉसओव्हर लिहिणाऱ्यापुढे जे प्रश्न येतात ते या जोडीवरून चांगले समजतात. पहिला प्रश्न भेटीच्या कारणाचा. दोन्ही नायकांना एकमेकांची गरज भासेल असे काम लागते. नुसती ओळखपाळख करून देणारी कथा चार पानांत संपते.

दुसरा प्रश्न निवेदकाचा. लेन यांनी बराचसा भाग डॉ. वॉटसनच्या तोंडून सांगितला आणि अधूनमधून डॉक्टरच्या सहप्रवासिनीच्या, बर्निस समरफील्डच्या, रोजनिशीतली पाने घातली. होम्सच्या वाचकाला वॉटसनचा ओळखीचा आवाज मिळतो आणि ‘डॉक्टर हू’च्या वाचकाला आपले माणूस मिळते. शिवाय वॉटसनला डॉक्टरबद्दल काहीच ठाऊक नसल्यामुळे, ज्याने ती मालिका पाहिलेली नाही अशा वाचकालाही त्याच्याबरोबर सगळे कळत जाते. क्रॉसओव्हरच्या वाचकांत एकच बाजू माहीत असलेले पुष्कळ असतात, म्हणून हा मुद्दा फार महत्त्वाचा.

तिसरा प्रश्न नियमांचा. होम्सच्या जगात प्रत्येक गूढाचे उत्तर चिखलाच्या डागात, सिगारच्या राखेत, हाताच्या घट्ट्यात सापडते. डॉक्टरच्या जगात उत्तर परग्रहावरचे असू शकते. दुसरा नियम सरसकट लागू केला तर होम्सची बुद्धी निरुपयोगी ठरते. पहिला लागू केला तर डॉक्टर हा एक विक्षिप्त इसम उरतो. दोन्ही पद्धतींना आपापले यश मिळेल असे प्रसंग लेखकाला योजावे लागतात. एकाच बाजूची सरशी होत राहिली की दुसऱ्या बाजूचे वाचक पुस्तक मिटतात.

चौथा प्रश्न बोलीचा. पात्राचे नाव झाकले तरी कोण बोलते आहे ते कळले पाहिजे. त्यासाठी मूळ कलाकृती पुन्हा पुन्हा, कान देऊन वाचावी किंवा पाहावी लागते. हौशी लेखक आपला मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी दुसऱ्या जाणकार चाहत्याकडून तपासून घेतात. अशा तपासनिसाला ‘बीटा रीडर’ म्हणतात. क्रॉसओव्हरसाठी दोन्ही बाजूंचा एकेक जाणकार असला तर उत्तम.

मराठी वाचकाला हे करून पाहायचे असेल तर भा. रा. भागवतांचा धाडसी शाळकरी नायक फास्टर फेणे आणि सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा ही जोडी हाताशी आहे. फेलूदाच्या कथा मराठीत आल्या आहेत. त्यांतल्या एका कथेत मूर्तिचोरांचा माग काढत तो वेरूळला येतो. प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत फिरलेला फास्टर फेणे शाळेच्या सहलीबरोबर वेरूळला पोहोचणे मुळीच अशक्य नाही. काळही साधारण जुळतो. मग वरचे सगळे प्रश्न एकेक करून समोर येतात. फेलूदा आधी विचार करतो, फेणे आधी सायकलवर टांग टाकतो. मग दोघांत काम कसे वाटायचे? फेलूदाच्या कथा त्याचा चुलतभाऊ तोपशे सांगतो. त्या बंगाली मुलाला तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज करणारा हा पुणेरी मुलगा कसा दिसेल? ते दोघे आपसांत हिंदीत बोलतील की इंग्रजीत? एवढे ठरवताना दोन्ही लेखकांची पात्रे किती भक्कम पायावर उभी आहेत ते जसे कळते, तसे नुसत्या वाचनातून कळत नाही.

कायदा आणि संकेत

‘ययाति’ (१९५९) किंवा ‘मृत्युंजय’ (१९६७) लिहिताना वि. स. खांडेकर आणि शिवाजी सावंत यांना महाभारतासाठी कोणाची परवानगी लागली नाही. जुन्या कथा सर्वांच्या असतात. आधुनिक पात्रांना मात्र मालक असतो आणि फॅन फिक्शनचा प्रश्न तिथेच सुरू होतो. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. भागवत २००१ मध्ये वारले, म्हणजे फास्टर फेणे २०६१ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. राय १९९२ मध्ये गेले, म्हणून फेलूदाची मुदत २०५२ ची अखेर. शेरलॉक होम्स भारतात केव्हाच मुक्त झाला आहे. रूपांतर करण्याचा हक्कही हक्कधारकाकडेच असतो. खासगी वापर, टीका, परीक्षण यांना कायदा सूट देतो, पण फॅन फिक्शनसाठी स्वतंत्र तरतूद नाही. अमेरिकेत अशा लेखनाच्या बाजूने ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीशिवाय करता येणाऱ्या न्याय्य वापराचा, युक्तिवाद केला जातो.

व्यवहारात बहुतेक हक्कधारक विनामूल्य लेखनाकडे काणाडोळा करतात, कारण हे लिहिणारेच त्यांचे सर्वांत निष्ठावान ग्राहक असतात. सगळेच लेखक असे उदार नसतात. ॲन राइस यांनी आपल्या पात्रांवर फॅन फिक्शन लिहायला उघड विरोध केला होता. जे. के. रोलिंग यांनी पैशाचा व्यवहार नसलेल्या लेखनाला आडकाठी केली नाही. पैसे आले की गणित बदलते. २०११ ची ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही कादंबरी मुळात ‘ट्वायलाइट’ची फॅन फिक्शन होती, नावे आणि संदर्भ बदलल्यावरच ती विक्रीला आली.

या छंदाचे संकेत थोडके आहेत आणि ते पाळायला हवेत. मूळ लेखकाचे नाव ठळकपणे द्यावे. लेखनातून पैसे कमावू नयेत. लेखकाने स्पष्ट नकार दिला असेल तर त्याचा मान राखावा. मजकूर कोणत्या वयाच्या वाचकांसाठी आहे ते सुरुवातीलाच सांगावे. दुसऱ्या चाहत्याची कथा उचलू नये.

सुरुवात करणाऱ्याने एकाच कथाविश्वातल्या दोनतीन टाय-इन कादंबऱ्या मूळ कलाकृतीशेजारी ठेवून वाचाव्यात आणि लेखकाने मालकाच्या चौकटीतून वाट कशी काढली ते पाहावे. नंतर आपल्याला तोंडपाठ असलेली दोनच कथाविश्वे निवडावीत, दोनच पात्रांची एकच भेट लिहावी आणि ती एखाद्या जाणकार मित्राला वाचून दाखवावी. साधनसामग्री म्हणून एक वही पुरते.